एक फेरी माफ, पण मेंदूचे काय?

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात दर जूनमध्ये तीन दिवस भर रस्त्यावर सायकल शर्यती होतात. शेवटच्या दिवशीच्या मार्गावर ‘क्रायबेबी हिल’ नावाचा चढ लागतो. रडूबाईची टेकडीच म्हणायची! या प्रकाराला क्रिटेरियम म्हणतात. एक-दीड किलोमीटरचा बंदिस्त मार्ग, त्यात चार-सहा तीव्र वळणे आणि तासभर त्याच वाटेवर फेऱ्या. महिलांच्या वरच्या दर्जाच्या शर्यतींत सरासरी वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असतो. पाहणाऱ्याला वाटते, जिच्या पायांत सर्वांत जास्त ताकद, ती जिंकली. प्रत्यक्षात बरेचदा तिच्या मैत्रिणींनी शेवटपर्यंत जिची ताकद जपून ठेवली, ती जिंकते.

याचे कारण हवा. वेग ताशी ३० वरून ४० किलोमीटरवर नेला, तर हवेशी झुंजायला लागणारी ताकद सव्वादोन पटींहून अधिक वाढते. पुढच्या सायकलच्या अगदी मागे चाक ठेवले, तर हवेचा विरोध साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठाच्या बर्ट ब्लॉकन यांच्या गटाने २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या पोटात असलेल्यांना एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो, असे त्यांना आढळले.

क्रिटेरियममध्ये मात्र एवढे सुख मिळत नाही, कारण वळणे. पुढच्या आठ-दहा जणी वळण जवळपास ब्रेक न लावता घेतात. मागच्यांना आधी ब्रेक लावावा लागतो आणि मग सुटलेले अंतर भरून काढायला जिवाच्या आकांताने पायडल मारावे लागते. सहा वळणे आणि चाळीस फेऱ्या धरल्या, तर असे २४० झटके होतात. अशा झटक्याला स्नायू फॉस्फोक्रिएटिन हे झटपट इंधन वापरतात. ते काही सेकंदांत संपत येते आणि त्यातले निम्मे भरून यायलाही २०-३० सेकंद लागतात. तोवर पुढचे वळण आलेले असते. म्हणून ‘पुढे राहा’ हा क्रिटेरियमचा पहिला धडा.

संघाचे सगळे डावपेच याच हिशेबावर चालतात. एक जण घोळक्यातून निसटते. तिला पकडायला इतर संघांना वारा अंगावर घ्यावा लागतो. निसटलेलीच्या सहकारी त्यांच्या मागे निवांत बसतात, पुढे येऊन एकदाही वारा कापत नाहीत. बघणाऱ्याला हा कामचुकारपणा वाटेल, पण तेच त्यांचे काम असते. पहिली पकडली गेली की लगेच दुसरी सुटते. संघाची वेगवान धावपटू या सगळ्या काळात आडोशाला राखलेली असते. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत संघ आगगाडीसारखा एका रांगेत येतो. पहिली दमेपर्यंत ओढते आणि बाजूला होते, मग दुसरी, मग तिसरी. शेवटच्या वळणातून वेगवान धावपटू बाहेर पडते तेव्हा तिच्यासमोर फक्त रेषा उरलेली असते. गाडी ओढणाऱ्या मुली निकालात विसाव्या-तिसाव्या दिसतात.

हे सगळे जमते ते एकमेकींचे शरीर वाचता येते म्हणून. गर्दीच्या गोंगाटात बोलायला फारसा वाव नसतो. खांदे डोलू लागले, वळणातून बाहेर येताना चाक हातभर मागे पडू लागले, की सहकारी ओळखते, हिच्यात आता एकच झटका उरलाय. शरीरविज्ञानाची ही जाण प्रयोगशाळेतल्या यंत्रांइतकीच कामाची आहे. ती एका जागी मात्र वापरली जात नाही.

वळणावर चाकाला चाक लागले की चार-पाच जणी एकदम पडतात. अमेरिकी क्रिटेरियममध्ये अशा वेळी एक फेरी माफ असते. पडलेलीने दुरुस्तीच्या जागी जायचे, चाक बदलून घ्यायचे आणि घोळका फिरून आला की त्यात शिरायचे. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये ही सवलत बंद होते. पंक्चर झालेल्या चाकासाठी हा नियम अगदी न्याय्य आहे. पण डोके आपटले असेल तर? एक किलोमीटरची फेरी ताशी ४० च्या वेगाने दीड मिनिटात संपते. मेंदूला हादरा बसला आहे का, हे तपासायची सर्वमान्य चाचणी, तिची २०२३ ची सुधारित आवृत्ती ‘स्कॅट ६’, नीट करायची तर किमान १० ते १५ मिनिटे लागतात. हेल्मेट कवटी फुटण्यापासून बरेच वाचवते, आतल्या मेंदूचे हिंदकळणे ते पूर्णपणे थांबवू शकत नाही.

शिवाय ती मुलगी ‘मी ठीक आहे’ असेच सांगणार. आगगाडीतला आपला डबा निखळला तर संघ हरेल, हे तिला ठाऊक असते. आणि ठीक आहोत की नाही हे ठरवायचे असते ते त्याच हादरलेल्या मेंदूने! फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत सारखेच नियम असूनही मुलींमध्ये असे हादरे मुलांपेक्षा जास्त आढळले आहेत. त्यामुळे महिलांच्या शर्यतीत इथे ढिलाई नको.

प्रत्येक पडणारीला बाहेर काढले तर शर्यतच उरणार नाही, हा आक्षेप खरा आहे. कोपर-गुडघे सोलवटले म्हणून कोणाला थांबवायची गरज नाही. पण हेल्मेटला तडा गेलेला, नजर हरवलेली, उभे राहताना तोल जाणारा, ‘कितवी फेरी चालू आहे?’ असे दोनदा विचारणे, यांपैकी एकही खूण पुरेशी मानावी. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या २०२१ पासूनच्या नियमावलीतही या खुणा ओळखायला यांत्रिक, प्रशिक्षक आणि खुद्द सायकलपटूंनी शिकावे, असे म्हटले आहे. सरळ रेषेत न चालणारी सायकल मागच्या चाकावरच्या सहकारीला डॉक्टरांच्या आधी दिसते. तिने हात वर केला तर पडलेलीला माफीची फेरी नाकारावी आणि बाजूच्या खुर्चीवर बसवून पूर्ण तपासणी करावी. घोळका तोवर दहा वेळा समोरून निघून गेला तरी चालेल.