खंडित परदेशवर्ष आणि भाषेचा विद्यार्थी

परकीय भाषेच्या शिक्षणात त्या भाषेच्या देशात घालवावयाच्या एका वर्षाला जे स्थान आहे, ते अन्य विद्याशाखांतील परदेशगमनाहून मूलतः वेगळे आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी परदेशी जातो तो तेथील प्रयोगशाळेसाठी. भाषेचा विद्यार्थी जातो तो तेथील समाजासाठी. दुकानदाराशी होणारी घासाघीस, शेजाऱ्याची चौकशी, कार्यालयातील नकार, मित्राचा रुसवा हे सारे त्याचे अभ्याससाहित्य असते. असे वर्ष मध्येच तुटले, किंवा सुरूच होऊ शकले नाही, तर नेमके काय गमावले जाते? महासाथीच्या काळात हा प्रश्न तीव्रतेने उपस्थित झाला. त्याचे उत्तर मात्र बहुतांशी श्रेयांकांच्या हिशेबातच शोधले गेले. ते उत्तर अपुरे आहे, आणि मराठीच्या विभागांनीही त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर जपानी भाषेच्या विद्यार्थ्यांचे उदाहरण सर्वांत बोलके ठरते. पुणे हे जपानी भाषेच्या अध्ययनाचे देशातील एक प्रमुख केंद्र. जपानी भाषा व संस्कृती यांच्या विद्यार्थ्यांसाठी जपान सरकारची एक वर्षाची शिष्यवृत्ती असते, आणि ती मिळविण्यासाठी विद्यार्थी वर्षानुवर्षे तयारी करीत असतात. २०२० मध्ये जपानने आपल्या सीमा बंद केल्या. अधूनमधूनचे अल्प अवधी सोडल्यास नव्या विदेशी विद्यार्थ्यांना मार्च २०२२ पर्यंत तेथे प्रवेश मिळाला नाही. पुष्कळांचे वर्ग दूरस्थ पद्धतीने चालले. जपानची घड्याळे आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे; तेथील सकाळी नऊच्या तासासाठी येथे पहाटे साडेपाचला बसावे लागे. अभ्यासक्रम पूर्ण झाले, परीक्षा झाल्या, गुणही मिळाले.

परंतु ज्यासाठी हे वर्ष असते ते घडले नाही. एकच उदाहरण पुरेसे होईल. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या वरिष्ठाचा उल्लेख आदरार्थी रूपाने करावयाचा नसतो. आपल्या पक्षाकडची सर्व माणसे नम्रतेच्या क्रियापदांत बसवावी लागतात. ‘साहेब आले आहेत’ असे कोणापुढेही सहज म्हणणाऱ्या मराठी मनाला हा नियम पुस्तकातून कळतो. पण तो अंगवळणी पडावा यासाठी चुकावे लागते, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरची किंचित अस्वस्थता पाहावी लागते. पडद्यावरील तासाला अध्यापक चूक दुरुस्त करतो. समाज ती चूक सोसत असल्याचा अनुभव तेथे मिळत नाही. विद्यार्थ्याने गमावला तो हा वास, आणि वासाची नोंद गुणपत्रिकेत होत नसल्याने त्याची हानीही नोंदली गेली नाही.

खंडित परदेशाध्ययनाचा विचार करताना मराठी वाचकाला धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. गोव्यातील साखवाळचा हा तरुण १८९९ मध्ये घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ अशी पायपीट करून तो १९०२ मध्ये सिलोनला पोहोचला. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पालीचे अध्ययन सुरू झाले. पण तेथील आहार मानवला नाही, प्रकृती बिघडली आणि अध्ययन तुटले. पुढे ब्रह्मदेशात ते पुन्हा जोडले गेले. १९१० मध्ये कोसंबी ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी हार्वर्डला गेले; संपादनाच्या श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते काम अपुरे टाकून परतले. त्यासाठी त्यांना पुढे पुन्हा हार्वर्डला जावे लागले. हार्वर्डच्या ग्रंथमालेत तो ग्रंथ निघाला १९५० मध्ये, म्हणजे कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी. मधल्या काळात, १९४० मध्ये, त्यांनी त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध केली होती.

या चरित्रातून सामान्यतः जिद्दीचा धडा काढला जातो. तो खोटा नाही. पण तेवढाच काढणे धोक्याचे आहे. कोसंबींच्या खंडित अध्ययनाला आधार होते. काशीत अन्नछत्र होते, विहारांत आश्रय होता, पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे साहाय्य होते. मुख्य म्हणजे, तुटलेले काम पुन्हा हाती घेण्याची वाट खुली राहिली होती. विद्यार्थ्याच्या जिद्दीचे कौतुक करून ही वाट खुली ठेवण्याची जबाबदारी संस्थांना टाळता येणार नाही. कोसंबी अपवाद होते, आणि शिक्षणव्यवस्था अपवादांच्या भरवशावर उभी करता येत नाही. ‘निवेदन’ या आत्मकथनाचे महत्त्व येथे वेगळ्या अर्थाने जाणवते. अध्ययनातील खंड, उपासमार, निराशा यांची त्यात केलेली प्रांजळ नोंद हीही विद्येच्या इतिहासाची सामग्री ठरली. खंडित वर्षाचेही लेखन होऊ शकते, हे त्यावरून दिसते.

हा प्रश्न पुण्यामुंबईपुरता मर्यादित नाही. शहरातील वसतिगृहे बंद झाल्यावर भाषेचे विद्यार्थी आपापल्या गावी परतले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, तळा, माणगाव या भागांत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. दूरस्थ शिक्षणाचा पर्याय विजेवर आणि संपर्कयंत्रणेवर उभा होता. तळ्यासारख्या गावी त्या दिवसांत असलेल्या विद्यार्थ्याला परदेश बंद होता आणि त्याचा पर्यायही बंद होता. त्याच्या हाती उरले ते शिकलेल्या भाषेचे भांडवल आणि सभोवतालचा परिसर.

तो परिसर भाषाभ्यासकाच्या दृष्टीने दरिद्री नाही. तळा तालुक्यातच कुडे येथे २६ बौद्ध लेणी आहेत. त्यांतील ब्राह्मी लिपीतल्या प्राकृत लेखांत मांदव घराण्याच्या महाभोजांचे उल्लेख आहेत, आणि दात्यांमध्ये लेखक आहे, वैद्य आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारीही आहे. दान दिलेल्या वस्तूला हे लेख ‘देयधम’ म्हणतात. यातील ‘देय’ ज्या ‘दा’ धातूपासून आला, त्याच धातूचा ‘दान’ हा शब्द बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेला आणि तेथे ‘दान्ना’ झाला. त्याचा अर्थ आश्रयदाता, मालक आणि, बोलीत, नवरा. आपल्या ‘धनी’ या शब्दाचा अर्थविस्तारही याच दिशेने झाला आहे. जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कुड्याच्या लेण्यांविषयी जपानी वाचकासाठी दहा पाने लिहावयास सांगितली असती, तर जपानमधील वास्तव्याची उणीव भरून निघाली नसती. पण ते वर्ष अर्थशून्य ठरले नसते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अशा कामाचे मूल्यमापन करणे कठीण आहे. आक्षेपात तथ्य आहे. तथापि मूल्यमापनाची सोय पाहून शिक्षणाचा आशय ठरविणे हा उलटा न्याय झाला. तीन गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. पहिली, दूरस्थ पद्धतीने झालेल्या वर्षाची नोंद ‘दूरस्थ’ अशीच व्हावी. त्याला वास्तव्याचे वर्ष म्हणू नये. दुसरी, ज्याचे वास्तव्य हुकले त्याचा त्यावरील हक्क पदवीबरोबर संपू नये; परिस्थिती निवळल्यावर, वयोमर्यादेची अट शिथिल करून, त्याला ते घेता यावे. तिसरी, खंडकाळात विद्यार्थ्याने आपल्या परिसरात केलेले अनुवाद, दैनंदिनी, शब्दसंग्रह यांना अभ्यासाचा दर्जा मिळावा.

मराठीच्या विभागांना यातून घेण्यासारखे एक आत्मपरीक्षण आहे. परकीय भाषांच्या विद्यार्थ्यांचे हुकलेले वर्ष आपल्याला दिसते. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात असे वर्ष सहसा नसतेच, हे दिसत नाही. बोलींवर प्रश्नपत्रिका असते, आणि ती कातकरी वाडीवर किंवा कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यात एक रात्रही न काढता सोडविता येते. जे वर्ष इतरांच्या बाबतीत आपत्तीने हिरावले, ते आपण आपल्या विद्यार्थ्यांना कधी देऊच केलेले नाही. तळ्याच्या विद्यार्थ्याला पुण्यात मराठी शिकविणाऱ्या विभागाने आपल्या पुण्याच्या विद्यार्थ्याला एक सत्र तळ्याला पाठविले, तर ‘वास’ या शब्दाचा अर्थ उभयतांना कळेल.