आठ गुणांचं पुस्तक

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत एक तक्ता आहे. प्राध्यापकाच्या कोणत्या कामाला किती गुण द्यायचे, हे त्यात ठरवून दिलं आहे. भाषा आणि मानव्यविद्यांमधल्या शोधनिबंधाला १० गुण. तो ज्या नियतकालिकात छापला त्याच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे त्यात ५ ते ३० गुणांची भर. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला १२, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०. आणि अनुवाद? एका प्रकरणाला किंवा निबंधाला ३, अख्ख्या पुस्तकाला ८.

म्हणजे चार वर्षं खपून सहाशे पानांचा ग्रंथ मराठीत आणला, तरी तो दहा-बारा पानांच्या एका निबंधापेक्षा दोन गुणांनी हलकाच. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते आणि कुठल्याही महाविद्यालयाची नोकर नाही, त्यामुळे या तक्त्याने माझी पगारवाढ अडत नाही. पण मी ज्यांच्याबरोबर काम करते ते बहुतेक जण शिकवणारे आहेत. माझ्या ओळखीचा एक तरुण प्राध्यापक कन्नड समीक्षेचं एक पुस्तक मराठीत आणत होता. काम निम्म्यावर आलं होतं आणि चांगलं उतरलं होतं. विभागप्रमुखांनी त्याला आपुलकीनेच सांगितलं, “आधी दोन पेपर टाक, मग हे कर.” त्याने दोन टाकले, मग आणखी दोन. पुस्तक अजून निम्म्यावरच आहे. तो आळशी नाही आणि विभागप्रमुखही वाईट माणूस नाहीत. दोघांनी तक्ता वाचला आहे, इतकंच.

संशोधनाची किंमत उद्धरणं मोजून ठरवण्याच्या या पद्धतीला माझा आक्षेप ती मोजते म्हणून नाही. भारतीय भाषांमधलं बहुतेक काम तिला दिसतच नाही, आणि जे दिसू शकेल ते ज्या अनुवादामुळे दिसेल, त्यालाच ती कमी भाव देते. असं आंधळं माप प्रमाण मानून आपण माणसांच्या नेमणुका करतो, बढत्या देतो, विद्यापीठांची क्रमवारी लावतो. आक्षेप त्याला आहे.

हे माप मुळात माणसांसाठी बनलेलं नव्हतं. १९४८ साली आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी ‘लायब्रमेट्री’ हा शब्द सुचवला, तो ग्रंथालयांच्या कारभाराचे प्रश्न संख्याशास्त्राने सोडवण्यासाठी. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली उद्धरण-सूचीची कल्पना मांडली, तिच्यामागे हेतू असा की एखाद्या जुन्या निबंधावर पुढे कोणी काय लिहिलं, कोणी तो खोडून काढला, हे अभ्यासकाला चटकन सापडावं. इम्पॅक्ट फॅक्टरही त्यातूनच आला: सूचीत कोणती नियतकालिकं घ्यावीत, ग्रंथपालाने मर्यादित पैशांत कोणती मागवावीत, हे ठरवायला. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढंच तो आकडा सांगतो. सरासरी असल्याने चार गाजलेल्या लेखांच्या जिवावर बाकीचे न वाचलेले लेखही त्यात मिरवतात. कपाटात काय ठेवावं हे ठरवणारा आकडा त्या कपाटातल्या एकेका लेखकाच्या कपाळावर चिकटवण्याचा उद्योग नंतर झाला.

आता हे माप मराठीतल्या एका ग्रंथाला लावून पाहू. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली आला. विठ्ठलाच्या मुळांचा शोध घेत ढेरे महाराष्ट्राबाहेर, कर्नाटक-आंध्रापर्यंत गेले. १९८७ साली त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भक्तीवर, दैवतांवर, दक्षिणेशी असलेल्या आपल्या नात्यावर मराठीत लिहिणाऱ्याला त्याच्याशी सहमत होऊन किंवा भांडूनच पुढे जावं लागतं. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो ऑक्सफर्डने २०११ साली ‘राइझ ऑफ अ फोक गॉड’ या नावाने छापला. मधे गेली सत्तावीस वर्षं. मापाची खिडकी दोन वर्षांची.

त्या सत्तावीस वर्षांत या ग्रंथावर मराठीत जी चर्चा झाली, ती जागतिक सूच्यांच्या हिशेबात कुठे बसते? जवळजवळ कुठेच नाही. आपली नियतकालिकं त्या सूच्यांत नाहीत. आपले लेखक तळटीप देतातच असं नाही. ‘ढेरे म्हणतात त्याप्रमाणे’ असं वाक्यातच लिहून पुढे जातात. वाचकाला ते पुरतं, यंत्राला पुरत नाही. जिथे तळटीप असते तिथे एकच माणूस कुठे ‘रा. चिं. ढेरे’ असतो, कुठे ‘रामचंद्र चिंतामण’, तर कुठे रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेला. शिवाय इंग्रजी अनुवाद आल्यावर त्याचा उल्लेख होतो तो ढेऱ्यांच्या खात्यावर. ते रास्तच आहे. पण ज्या बाईंनी हा ग्रंथ इंग्रजी वाचकापर्यंत नेला, त्यांच्या त्या कामाला या हिशेबात खातंच नाही. उमा कुलकर्णींनी भैरप्पा मराठीत आणले आणि मराठी वाचकाच्या घरात एक कन्नड कादंबरीकार आपला होऊन राहिला. याची नोंद कोणत्या उद्धरण-सूचीत सापडेल?

यावर एक उत्तर नेहमी येतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. लोक म्हणतात, आकडे नव्हते तेव्हा काय होतं? गाइडची मर्जी, जात, गाव, संस्थाचालकांचा फोन. ज्याच्या पाठीशी कोणी नाही अशा मुलाला निदान दाखवायला एक आकडा तरी मिळाला. पहिल्या पिढीतून शिकून आलेल्या माझ्या दोन मैत्रिणींनी मला हेच ऐकवलं आहे. त्यांचा अनुभव मी नाकारणार नाही. निवड समितीच्या बंद दाराआड काय चालतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण आकडा आल्यावर ते दार उघडलं का? दाराबाहेर एक बाजार मात्र बसला. आयोगाने २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली आणि मे २०१८मध्ये तिच्यातून ४,३०५ नावं वगळली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी छाननी केली. ३४.५ टक्क्यांकडे पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं असली मूलभूत माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. आणखी ५२.३ टक्के एक तर खोटी माहिती देत होते, म्हणजे चुकीचा आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टरचे बनावट दावे, किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच यथातथा होती. या नावांची शिफारस विद्यापीठांनीच केली होती.

हे बनावट आकडे का खपतात, याचं कारण तक्त्यातच आहे. केवळ कला-मानव्य शाखांच्या उद्धरण-सूचीत असणाऱ्या नियतकालिकांना २०२३पर्यंत अधिकृत इम्पॅक्ट फॅक्टर दिलाच जात नव्हता. पण २०१८चा तक्ता त्या फॅक्टरसाठी जादा गुण देत होता, तेही ‘थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे’. त्या कंपनीने तो व्यवसाय २०१६मध्येच विकून टाकला होता. जी वस्तू दुकानात नाही ती आणायला माणसं पाठवली, तर कोपऱ्यावर कोणीतरी नकली माल घेऊन बसणारच. मराठी, कन्नड, हिंदी शिकवणाऱ्या माणसांना आपण तिथे पाठवलं. ज्या मुलाच्या पाठीशी कोणी नाही म्हणून हा आकडा आणला, त्यालाच आता छपाईसाठी पैसे मोजावे लागतात. ज्याच्या पाठीशी माणसं आहेत, त्याला आकडाही मिळतो आणि फोनही जातो.

या गोंधळावर उपाय म्हणून ‘केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि नियतकालिकांची पारख संस्थांनीच करावी असं सांगितलं. त्याआधी जानेवारीत आलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यातून गुणांची ही बेरीजही वगळली होती. अनेकांना हायसं वाटलं. मला धास्ती वेगळीच वाटते. ज्या संस्थेत वाचून मत देण्याची सवय मोडली आहे, ती संस्था मोकळीक मिळाली म्हणून वाचायला बसणार नाही. ती आयता आकडा शोधेल आणि तो तिला स्कोपसमध्ये मिळेल. राष्ट्रीय क्रमवारीसाठी संशोधनाची आकडेवारी स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधूनच घेतली जाते, म्हणजे कुलगुरूंच्या टेबलावर तो कागद आधीच आहे. ‘केअर’मध्ये खोट होती, तरी तिच्यात भारतीय भाषांमधल्या नियतकालिकांना जागा होती. स्कोपसमध्ये मराठी शोधायला भिंग लागेल.

हे जगात कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. नियतकालिकाचा आकडा माणसाच्या मूल्यमापनाला वापरू नका, असं सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२पासून सांगतो आहे. २०१५च्या लायडेन जाहीरनाम्याचं तिसरं तत्त्वच स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपण्याचं आहे, आणि इंग्रजीच्या वर्चस्वामुळे या कामाचं काय होतं हे त्यात स्पष्ट सांगितलं आहे. २०१९च्या हेलसिंकी आवाहनाने विद्वत्तेतली बहुभाषिकता जपा म्हटलं. हे सगळं आपल्याकडच्या चर्चासत्रांत ऐकवलं जातं, आणि मग त्याच चर्चासत्राच्या प्रमाणपत्राचे गुण मोजले जातात.

या नियतकालिकाचे बरेच वाचक निवड समित्यांवर बसतात, प्रबंध तपासतात, विभाग चालवतात. मी त्यांच्याकडे तीन गोष्टी मागते. त्यातल्या पहिलीला आयोगाच्या परवानगीची गरज नाही.

उमेदवाराकडून यादी घेण्याऐवजी त्याच्या पसंतीचे तीन लेख किंवा एक पुस्तक घ्या, कोणत्याही भाषेतलं. ती भाषा वाचणारा एक तरी माणूस समितीवर हवा. त्याने अर्धं पान मत लिहावं, खाली सही करावी आणि ते उमेदवाराला दाखवावं. वशिल्याला धाक बसेल तो अशा सहीचा. आकड्याला सही नसते, म्हणून तो सगळ्यांना सोयीचा वाटतो.

दुसरी मागणी अनुवादाची. ज्या अनुवादाला प्रस्तावना आहे, टिपा आहेत, पाठांची तुलना आहे, तो अनुवाद म्हणजे संशोधनच. त्याला स्वतंत्र ग्रंथाइतकं वजन द्या. मसुदे बदलत असतानाच हे बोलायला हवं. विशेषतः महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी बोलायला हवं, कारण दोन भाषांमध्ये रोज ये-जा करणारी माणसं बेळगावात, बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत आहेत, आणि तिथल्या महाविद्यालयांत त्यांचं हे काम ‘इतर’ या रकान्यात पडतं.

तिसरी मागणी मोजणीचीच आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. त्या सूचीत कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. आज कोणाला एखादं विस्मरणात गेलेलं भाषांतर शोधायचं असेल, तर दात्यांपाशी जावं लागतं. तशी सूची मराठी नियतकालिकांमधल्या लेखांची हवी: शोधता येणारी, चालू ठेवलेली, आणि कोणी कोणाचा आधार घेतला, कोणी कोणाला उत्तर दिलं, हे सांगणारी. तिच्यात अनुवादकाचं नाव लेखकाच्या शेजारी असावं. विद्यापीठांकडे माणसं आहेत, ग्रंथपाल आहेत, संगणक आहेत. जो वेळ गुणांची बेरीज करण्यात आणि तपासण्यात जातो, त्याच्या निम्म्या वेळात हे काम सुरू होईल.

ते होईपर्यंत माझ्या त्या मित्राला कोणीतरी सांगायला हवं की पुस्तक पुरं कर. मी सांगते, पण मी त्याच्या निवड समितीवर नाही. तुमच्यापैकी कोणी असेल.