अक्षराआधी टाळी

काळी नदीवरील धरणाने १९८०च्या दशकात जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. त्या रानमुलखात वस्त्या दूरदूर. घरी कोकणी नाहीतर मराठी, अंगणवाडीत कन्नड. अशा बालकांना प्रथम काय शिकवावे?

आमच्या मते अक्षर नव्हे, टाळी. टाळीला भाषा लागत नाही. आपली पाळी येईतो थांबणे, दुसऱ्याचा आवाज ऐकून आपला आवरणे, मागे राहिलेल्याला सांभाळून समेवर येणे, यातच चारचौघांत वागण्याचे सारे शिक्षण आहे.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली; गाणी, गोष्टी, खेळ यांनी ती रमली. १९७५ पासून सरकारी योजनेने 'अंगणवाडी' हे नाव देशभर पोहोचविले.

आपण शहरवासी मात्र तीन वर्षांच्या मुलास 'किती पाने लिहिलीस?' असे विचारतो. 'आज कोणाबरोबर खेळलास?' हे विचारीत नाही. अक्षर सहाव्या वर्षीही येईल. दुसऱ्यासाठी थांबण्याची सवय तोवर राहून गेली, तर ती लावणे फार अवघड.