खगोलशास्त्राचा पहिला तास गच्चीवर व्हावा

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी ऑलिंपियाड पार पडले. शालेय विद्यार्थ्यांच्या या स्पर्धेत सिद्धान्त आणि विदा-विश्लेषण यांच्या जोडीला आकाशनिरीक्षणाचीही परीक्षा असते. आपल्या महाविद्यालयांतील प्रास्ताविक अभ्यासक्रम मात्र बहुधा विषुवांश आणि क्रांतीच्या व्याख्यांपासून सुरू होतो, मग ताऱ्यांची प्रत, मग त्यांची उत्क्रांती. आणि सत्र संपते तेव्हा विद्यार्थी एकदाही रात्री बाहेर उभा राहिलेला नसतो. माझे मत असे की, पहिले चार आठवडे फळ्यावर काहीही लिहू नये. आकाश पाहावे आणि वहीत नोंदवावे, एवढेच.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो आहे. २०१९ च्या अखेरीस मृग नक्षत्रातील काक्षी हा तारा मंदावू लागला. मी तेव्हा संशोधक विद्यार्थी होतो आणि त्यावरचे नवे शोधनिबंध रोज वाचत होतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो नुसत्या डोळ्यांना रोहिणीपेक्षाही फिका दिसत होता. घरी आईने विचारले, “तुला दिसतो का रे फरक?” मी गच्चीवर गेलो खरा, पण मृग नक्षत्र शोधायला मला मोबाइल काढावा लागला. ताऱ्याने फेकलेल्या वायूपासून तयार झालेल्या धुळीने त्याचा प्रकाश अडवला, हे स्पष्टीकरण पुढे आले आणि ते मला नीट समजले. तो तारा आधी कसा दिसत असे, हे मात्र मला ठाऊकच नव्हते.

सुरुवात चंद्रापासून करावी. शुक्ल तृतीयेपासून पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी सात वाजता, एकाच जागेवरून चंद्राची जागा आणि आकार काढायचा. हात ताठ धरल्यावर मूठ सुमारे दहा अंश व्यापते; मोजायला तेवढे साधन पुरते. चंद्र रोज मुठीहून थोडा अधिक पूर्वेकडे सरकलेला आढळतो. ज्यांच्या घरी पंचांग आहे, त्यांना आता सांगावे की चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पाहत बसणाऱ्या घरातल्या मुलांनाही हे बहुधा ठाऊक नसते. उत्तरेतील करवा चौथही कृष्ण चतुर्थीचीच. त्या रात्री कोलकात्यात चंद्र मुंबईच्या तासाभराहून अधिक आधी उगवतो. रेखांशाचा धडा यापेक्षा चांगला कोणता?

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा समज पदवीधरांमध्येही भेटतो. व्याख्यानाने तो जात नाही. शुक्ल अष्टमीला सूर्य मावळताना चंद्र जवळजवळ माथ्यावर असतो. त्या वेळी विद्यार्थ्याला विचारावे, की पृथ्वीची सावली आता कोणत्या दिशेला पडली आहे? तो पूर्वेकडे बोट दाखवतो, वर चंद्राकडे पाहतो, आणि समज तिथेच सुटतो.

पुढे ताऱ्यांकडे वळावे. एखादा तारा समोरच्या इमारतीआड नेमका किती वाजता जातो, ते टिपायचे. दुसऱ्या रात्री तो चार मिनिटे आधी जातो, पंधरवड्याने सुमारे तासभर. ही चार मिनिटे कुठून आली, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, की नाक्षत्र दिनाची व्याख्या लिहिण्याची वेळ झाली. ध्रुवताऱ्याचा उन्नतांश कन्याकुमारीत सुमारे ८ अंश, लेहमध्ये ३४. दोन ठिकाणच्या महाविद्यालयांनी एकाच रात्री मोजमाप करून आकडे जुळवले, तर पृथ्वीचा परीघ वर्गातच निघेल.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला पावसाळ्याचा. तो खरा आहे, म्हणून हा अभ्यासक्रम जुलैत नव्हे, जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्रात ठेवावा. तोवर तमिळनाडूतला ईशान्य मोसमी पाऊसही सरलेला असतो. दिल्लीत धुके असेल तर फेब्रुवारीची वाट पाहावी. दुसरा आक्षेप शहरी उजेडाचा. पण वरीलपैकी कशालाही हानले किंवा पेंचचे काळे आकाश लागत नाही. महागड्या दुर्बिणीची गोष्ट काढणाऱ्यांना मी राधागोविंद चंद्र यांचे नाव सांगतो. जन्म १८७८, अविभाजित बंगालमधील जेसोर येथील सरकारी कोषागारात नोकरी, शालान्त परीक्षेतही यश नाही. ज्यांचे तेज कमी-जास्त होते अशा रूपविकारी ताऱ्यांची त्यांनी हजारो निरीक्षणे केली आणि ती अमेरिकेतील निरीक्षक-संघटनेला पाठवली. नोंदींचा दर्जा पाहून त्या संघटनेनेच त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली. आधी नोंदी, दुर्बीण नंतर.

तिसऱ्या अडचणीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मी निरीक्षणाचा प्रयोग घेतला. सव्वासात वाजता सर्वांनी लहान दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहून त्यांच्या जागा वहीत काढल्या. साडेनऊला पुन्हा पाहायचे होते. त्या दोन तासांत या चारांपैकी गुरूच्या सर्वांत जवळचा चंद्र, आयो, सुमारे ग्रहाच्या व्यासाइतका सरकतो. पावणेआठला वर्गातल्या साऱ्या मुली निघाल्या, कारण वसतिगृहाचे दार आठला बंद होत असे. मुलांनी दुसरे चित्र काढले. मुलींच्या वह्यांत तो रकाना रिकामा राहिला आणि पुढचे गणित त्यांनी मुलांचे आकडे उतरवून सोडवले. सगळ्यांना गुण सारखेच मिळाले, म्हणून कोणाची तक्रार आली नाही. मीही तेव्हा काही बोललो नाही, हे इथे नोंदवतो.

निरीक्षण हे ‘उपक्रम’ म्हणून राहिले तर असेच होत राहील. ते प्रात्यक्षिकाचे तास म्हणून वेळापत्रकात छापले गेले पाहिजे, त्यावर गुण असले पाहिजेत, रात्री सोबत शिक्षक आणि परतीचे वाहन असले पाहिजे. आणि वसतिगृहाच्या परवानगीचे पत्र विद्यार्थिनींनी नव्हे, विभागप्रमुखांनी सत्राच्या पहिल्या दिवशी द्यावे. तुमच्या महाविद्यालयात येत्या जानेवारीत हा अभ्यासक्रम असेल, तर ते पत्र गेले की नाही, एवढे आधी विचारा.