शिळे टायटॅनियम आणि अतिनील किरण

गेल्या सोमवारी गर्दी ओसरल्यावर आमचे एक निवृत्त मास्तर दवाखान्यात आले. खालची दाढ काढून झालेली. तिथे हाडात स्क्रू बसवून वर दात करायचे पुण्याच्या दंतवैद्याने ठरवले होते. खर्चाच्या कागदावर ‘यूव्ही ट्रीटमेंट’ अशी एक ओळ आणि पुढे जादा रक्कम. मास्तर म्हणाले, “डॉक्टर, किरणच हवेत तर गणपती घाटावर दोन तास उन्हात बसतो की! पैसे कशाला?”

वाचकहो, हे किरण मास्तरांना नव्हे, स्क्रूला द्यायचे असतात, आणि तेही तो बसवण्यापूर्वी. ऊन इथे कामाचे नाही. अतिनील किरणांतला सर्वांत प्रखर भाग वातावरणात वरच अडतो, तो दिव्यातूनच मिळवावा लागतो.

मुळात हाड धातूला धरते हेच नवल. स्वीडनच्या ब्रेनमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचे उपकरण बसवले, ते काम झाल्यावर निघेना. हाड त्याला घट्ट धरून बसले होते. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले.

पण टायटॅनियमही शिळे होते. देव्हाऱ्यातला तांब्या काळवंडतो तो दिसतो तरी. इथे हवेतल्या कार्बनी पदार्थांचा थर डोळ्यांना दिसतच नाही. पाकीट निर्जंतुक असले तरी हा थर साचतो. मग त्यावर पाणी टाकले तर अळूच्या पानावरच्यासारखे थेंब होऊन राहते. अतिनील किरणांनी तो थर तुटतो, पाणी सपाट पसरते, आणि हाडाच्या पेशी अधिक संख्येने चिकटतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉ. ओगावा यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांवरचे निष्कर्ष छापले. चार आठवड्यांत धातूचा साधारण निम्मा पृष्ठभाग हाडाला लागत होता, तो किरणांनंतर जवळजवळ पूर्ण लागला. पुढे यासाठी छोटी यंत्रेही निघाली. काम काही मिनिटांचे.

तेव्हा हे थोतांड नव्हे. पण उंदीर म्हणजे मास्तर नव्हेत. माणसांवरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत, आणि साधे स्क्रूही दहांत नऊहून अधिक टिकतात. हाड ठिसूळ असेल, दात लवकर बसवायचा असेल, तर दंतवैद्याने हा उपाय सुचवावा, कारणही सांगावे. माझी तक्रार आहे ती कारण न सांगता लिहिलेल्या त्या ओळीबद्दल.

शिवाय त्या कागदावर तंबाखूचा उल्लेख नव्हता. साखरेचा नव्हता. आपल्या भागात घरोघरी मिश्री लावतात, पुरुषांच्या खिशात चुन्याची डबी असते. असा स्क्रू ढिला पडण्याची ही फार मोठी कारणे. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखमच नीट भरत नाही, मग हाड काय धरणार? हे सांगायला यंत्र लागत नाही, म्हणून बहुधा कोणी सांगत नसावे.

मास्तरांना मी दोन वर्षे साखर तपासा म्हणून सांगत होतो. परवा तपासली. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा साडेनऊ निघाला. दंतवैद्यांना मीच फोन केला. त्यांनी लगेच मानले आणि स्क्रू तीन महिने पुढे ढकलला. किरणांचे तेव्हा बघू म्हणाले.

मास्तरांनी घरी जाऊन डबी बाईंच्या हवाली केली आहे. बाईंनी मात्र मिश्रीचे अजून काही कबूल केलेले नाही.