मानवशास्त्र : बीडच्या मुलांनी किती दिवस फक्त ‘माहिती’ द्यायची?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटककडे निघतात. त्यांच्यावर अहवाल लिहिले जातात, माहितीपट निघतात. पण प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा बाहेरचा असतो आणि बीडचा माणूस उत्तर देणारा. हे बदलायचे असेल, तर इथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी एका दुर्लक्षित विषयाकडे पाहावे. तो म्हणजे मानवशास्त्र.

विषय नेमका काय आहे?

मानवशास्त्र किंवा मानववंशशास्त्र म्हणजे माणसाचा सर्व अंगांनी अभ्यास. शरीर आणि उत्क्रांती, समाज आणि संस्कृती, भाषा, पुरातत्त्व अशा त्याच्या चार मुख्य शाखा. समाजशास्त्राशी त्याचे जवळचे नाते आहे, पण याची खरी ओळख म्हणजे क्षेत्रकार्य. लोकांमध्ये दीर्घकाळ राहायचे, पाहायचे, ऐकायचे आणि मग लिहायचे.

महाराष्ट्रात हे काम इरावती कर्वे यांनी उभे केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवताना त्या गावोगाव फिरल्या. कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांचा त्यांनी केलेला अभ्यास आजही पुनर्वसनाच्या चर्चेत उपयोगी आहे.

बीडला याचा काय उपयोग?

‘कोयता’ हाच शब्द घ्या. मुकादमाच्या हिशेबात कोयता म्हणजे हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, व्यवहार बहुधा नवऱ्याशी होतो आणि बाईच्या कष्टाची वेगळी नोंदच राहत नाही. एका शब्दात दडलेली ही व्यवस्था ओळखणे, हेच मानवशास्त्र.

२०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यातल्या १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. किती, हे आकड्याने सांगितले. पण खाड्याची धास्ती, फेडायची उचल, फडावर नसलेली शौचालये आणि कर्करोगाची घातलेली भीती यांची सांगड कशी बसते, हे कोपीत बसून ऐकल्याशिवाय कळत नाही.

पण नोकरीचे काय?

प्रश्न रास्त आहे. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण ही केंद्राची संस्था आणि पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांसारखी ठिकाणे आहेत. आरोग्य, पुनर्वसन आणि स्वयंसेवी क्षेत्रातही काम मिळते. तरी थेट जागा मोजक्याच. यूपीएससीत हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे, म्हणून अनेक जण त्याकडे वळतात. मात्र केवळ नोट्स पाठ करून घेतलेले मानवशास्त्र म्हणजे पाण्यात न उतरता शिकलेले पोहणे.

म्हणूनच माझे मत असे की, पुढे संशोधनच करायचे असेल तर ‘मेजर’ घ्यावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. इतरांनी शक्य असेल तिथे ‘मायनर’ म्हणून घ्यावे. अर्थशास्त्र, समाजकार्य किंवा पत्रकारितेला त्याची जोड उत्तम बसते.

महाविद्यालयात विषयच नसेल तर?

नव्या शैक्षणिक धोरणातील अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. तो इंटरनेटवरून उतरवून काढण्याऐवजी आपल्याच गावात करा. तांड्यावरची जुनी माणसे, टोळीसोबत न जाता आजीजवळ राहिलेली मुले, पट्टा पडल्यावर परतलेल्या बायका यांच्याशी बोला. प्राध्यापकांनीही अशा विषयांना हात द्यावा.

एक सावधगिरी मात्र हवी. आपण गावचे आहोत म्हणजे आपल्याला सगळे ठाऊक आहे, असे नव्हे. मुकादम आपलाच काका असू शकतो. गावातल्या काही वस्त्यांवर आपण कधी पायही ठेवलेला नसतो. तिथे जाऊन, परवानगी घेऊन, नावे गुप्त ठेवून ऐकणे हाच या विषयाचा पहिला धडा.

बीडवर पुढेही लिहिले जाणारच आहे. त्यातले थोडे तरी कोपीत वाढलेल्या मुलीच्या हातचे असावे.