कुलवृत्तांत कीं कुलस्तुति?

आपल्या घराण्याचा इतिहास लिहून काढावा ही हौस महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे पुन्हा बळावली आहे. नातवंडें सातासमुद्रांपलीकडे गेलीं म्हणजे आजोबांस मूळ गांवाची आठवण होते. मग कुलसंमेलन भरतें, वर्गणी जमते, आणि एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध होतो. ह्या हौसेशीं आमचें वैर नाहीं. ज्या समाजानें स्वतःच्या रोजच्या जीवनाची टिपणें फारशीं ठेविलीं नाहींत, त्याच्या इतिहासाला असे ग्रंथ मोठाच हातभार लावतील, जर ते खरे असतील तर! आमची तक्रार ह्या 'जर'विषयीं आहे. कुलवृत्तांत ह्या नांवाखालीं जें छापलें जातें, त्यांतील पुष्कळसें कुलस्तुति असतें. आणि ही स्तुति वाटते तितकी निरुपद्रवी नाहीं, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

बोरघाटाच्या पायथ्याचे कर्जत व खालापूर हे दोन तालुकेच उदाहरणार्थ घेऊं. ह्या भागांतील कोणत्याही मातबर घराण्याची हकीकत ऐका. मूळपुरुष घाटावरून तरी उतरलेला असतो, नाहीं तर दक्षिण कोंकणांतून तरी वर आलेला असतो. तो एकटा कधीं येत नाहीं. बरोबर एक देवीचा टांक आणि एक तलवार असते. १६६१ सालीं शिवछत्रपतींनीं उंबरखिंडींत कारतलबखानाची वाट अडविली, तेव्हां तो तेथें हजर असतोच असतो. इतकीं घराणीं आपला पूर्वज त्या खिंडींत उभा करितात कीं, एवढी गर्दी त्या अरुंद घळींत मावली कशी, ह्याचेंच नवल वाटावें. पुरावा मागितला कीं उत्तर ठरलेलें : सनद होती, पण ती वाळवीनें खाल्ली. महाराष्ट्रांतील वाळवी मोठी चोखंदळ दिसते. ती नेमकी सनद खाते; सावकाराच्या कर्जरोख्यांस आणि भाऊबंदकीच्या फिर्यादींस मात्र तोंडही लावीत नाहीं!

हा रोग आपल्याच वांट्यास आला आहे असें नाहीं. इंग्लंडांत सोळाव्या-सतराव्या शतकांत मानचिन्हांची नोंद ठेवणारे राजाधिकारी परगण्यापरगण्यांतून फिरत आणि तेथील मानकऱ्यांच्या वंशावळी लिहून घेत. त्या वंशावळींपैकीं कित्येकींत मूळपुरुष १०६६ सालीं नॉर्मन विल्यमच्या जहाजांतून उतरलेला असे. तेथेंही गर्दी फार झाली. शेवटीं जॉन होरेस राउंड (१८५४–१९२८) ह्या इतिहासपंडितानें बड्याबड्या सरदार-घराण्यांच्या वंशावळी हातीं घेऊन त्यांतील बनावट दुवे एकामागून एक तोडून दाखविले. लोक रागावले, पण इंग्लंडांतील वंशशोधनाला शास्त्राची शिस्त लागली ती अशाच रागाची पर्वा न करणाऱ्या माणसांमुळें. आमच्याकडे राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करून राज्याच्या इतिहासाला अस्सल कागदाची संवय लाविली. पुढें १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळही स्थापन झालें. परंतु ती संवय घराच्या उंबऱ्याआंत शिरली नाहीं. पेशव्यांविषयीं लिहितांना आपण अस्सल पत्र मागतों. पणजोबांविषयीं लिहितांना मात्र आत्याबाईंच्या आठवणीवर भागवितों.

इंग्रज संशोधकाचा मुख्य आधार म्हणजे जुनीं मृत्युपत्रें. १५३८ पासून तेथें धर्मपरगण्यागणिक बाप्तिस्मा, लग्न व दफन ह्यांची वही ठेवण्याचा हुकूम झाला. सरकारी जन्ममृत्यूनोंद मात्र १८३७ त सुरू झाली. मधल्या तीनशें वर्षांत वह्या हरवल्या, भिजल्या, जळाल्या. तेथें मृत्युपत्र कामास येतें. वंशजांस खूष करण्यासाठीं कोणी मृत्युपत्र लिहीत नाहीं. गाय कोणास, पलंग कोणास, हें ठरविण्यासाठीं लिहितो. म्हणून त्यांत लग्न झालेल्या मुलीचें नांव येतें, बिघडलेल्या पुतण्याचें येतें, जुन्या मोलकरणीचेंही येतें. अभिमानापेक्षां व्यवहार अधिक सत्यवादी असतो, हा त्यांतील धडा आहे.

'आमच्याकडे मृत्युपत्रें कोठें होतीं?' असें कोणी विचारील. खरें आहे. एकत्र कुटुंबांत मिळकत हयात पुरुषांकडे आपोआप जात असल्यामुळें मृत्युपत्राची चाल आपल्याकडे उशिरां रुळली. पण त्याच व्यवहारबुद्धीनें लिहिलेले आपले कागद थोडे आहेत काय? वांटणीपत्र आहे, दत्तकपत्र आहे, गोतानें निवाडा करून दिलेला महजर आहे. गांवच्या जन्ममृत्यूची वही म्हणजे कोतवाल-बुक, शाळेचें जनरल रजिस्टर, तलाठ्याच्या दप्तरांतील फेरफार, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. ह्या वह्यांत तर यात्रेकरूनें स्वहस्तें आपल्या भावांचीं, मुलांचीं, गांवाचीं नांवें लिहून ठेविलेलीं सांपडतात. साधनांचें दारिद्र्य हें निमित्त आहे. खरें दारिद्र्य कष्टांचें आहे. बहुतेक जुनें दप्तर मोडींत आहे, आणि आजच्या कुलभूषणांस मोडी वाचावयाची नाहीं, मोडीचें चित्र मुखपृष्ठावर तेवढें छापावयाचें आहे.

ह्याहून नाजूक प्रश्न पुढेंच आहे. कागद सांपडतात तेव्हां ते एकमेकांशीं भांडतात. ह्या भांडणांचीं कारणें बहुधा उघड करतां येतात; पण त्यासाठीं तीं ठाऊक असावीं लागतात.

पहिलें कारण नांवांचें. नातवास आजोबांचें नांव ठेवण्याच्या चालीमुळें एकाच घरांत तींच नांवें पाळीपाळीनें येतात. खोपोलीचा तलाव व वीरेश्वराचें देऊळ ज्यांच्या नांवानें आपण दाखवितों, त्या नाना फडणिसांचेंच घराणें पाहा. आजोबा बाळाजी महादेव, वडील जनार्दन बल्लाळ, आणि स्वतः नाना (१७४२–१८००) पुन्हा बाळाजी जनार्दन. हें घराणें प्रसिद्ध म्हणून घोंटाळा होत नाहीं. एखाद्या साध्या कुळकर्ण्याच्या घरीं कागदावर नुसतें 'बाळाजी' असलें, तर आजोबांचें कर्ज नातवाच्या माथीं आणि नातवाचा पराक्रम आजोबांच्या पदरीं पडण्यास कितीसा उशीर?

दुसरें कारण कालगणनेचें. जुन्या कागदांवर सुहूर सन अरबी संख्याशब्दांनीं लिहितात. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे ११७१, अर्थात् इसवी सन १७७०-७१. ह्यांत 'सबैन'च्या जागीं 'तिसैन' वाचलें कीं वीस वर्षें चुकलीं. 'मया'च्या जागीं 'मयातैन' वाचलें कीं पुरीं शंभर! त्यांत शक चैत्रांत पालटतो आणि सुहूर सन मृगास. इंग्रजांचेंही वर्ष १७५२ पूर्वीं २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळें तेथील जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा आजही अभ्यासकांस फसवितात. आमच्या घरांत श्राद्धामुळें मृत्यूची तिथि पिढ्यान्‌पिढ्या अचूक राहते, पण साल कोणास ठाऊक नसतें. आणि शाळेच्या वहींत? तेथें अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे! गुरुजींनीं प्रवेशाच्या सोयीसाठीं घातलेली ती तारीख आज कुलवृत्तांतांत जन्मतिथि म्हणून गंभीरपणें छापली जाते.

तिसरें कारण स्थळांचें. कर्जत एक नाहीं, दोन आहेत : एक हें घाटाखालचें, दुसरें नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतलें. नसरापूरही दोन : एक कर्जत तालुक्यांत, दुसरें पुणें जिल्ह्यांत. शिवाय कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता, नंतर कुलाब्यांत आला; खालापूर हा तेव्हां कर्जतचाच पेटा होता; आणि १९८१ सालीं कुलाब्याचें नांव रायगड झालें. हें ठाऊक नसणारा गृहस्थ अलिबागेस एक चक्कर मारतो, 'कांहीं सांपडलें नाहीं' म्हणून परततो, आणि मोकळ्या राहिलेल्या पानांत उंबरखिंड भरतो.

मग भांडणाऱ्या कागदांपैकीं खरा कोणता मानावा? आमचें उत्तर सोपें आहे. प्रत्येक कागदास तीन प्रश्न विचारावे : तूं कोणीं लिहिलास, केव्हां लिहिलास, आणि कशासाठीं लिहिलास? १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम-कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हां इनामदारांस हक्काचे पुरावे व वंशावळी दाखल कराव्या लागल्या. ती वंशावळ म्हणजे इनाम टिकविण्यासाठीं केलेली वकिली; तिला खोटीच म्हणूं नये, पण तीवर विसंबूंही नये. उलट, देणें-घेणें लिहितांना सहज आलेलें एखादें नांव अधिक भरंवशाचें. आणि तरीही निकाल लागला नाहीं तर? तर दोन्ही पाठ छापावे व निकाल लागत नाहीं असें लिहावें. एवढें एक वाक्य लिहिण्याचें धैर्य ज्या संपादकाच्या अंगीं नाहीं, त्यानें पोवाडा रचावा. वृत्तांताच्या वाटेस जाऊं नये.

'पण एवढें उकरून कोणाचें भलें होणार?' असा आक्षेप आम्ही अनेक संमेलनांत ऐकिला आहे. गोड आख्यायिकेनें चार घटका आनंद झाला तर प्राध्यापकांच्या पोटांत कां दुखावें? दुखण्याचें कारण सांगतों.

वंशवृक्ष हा नुसता शोभेचा कागद नव्हे. ९ सप्टेंबर २००५ पासून कायद्यानें हिंदु एकत्र कुटुंबांतील मुलीस मुलाप्रमाणेंच जन्मतः सहदायाद केलें आहे. बाप त्या दिवशीं हयात नसला तरी तिचा हक्क बुडत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. आणि आमच्या कुलग्रंथांत मुलगी अद्याप 'कन्या दोन' अशी आंकड्यांत मोजली जाते! मुंबई-पुण्याच्या मधोमध पडलेल्या ह्या दोन तालुक्यांत फार्महाउसांमुळें जमिनीला सोन्याचें मोल आलें आहे. अशा वेळीं वारसनोंदींतून बहिणीचें नांव गळणें आणि वंशवृक्षांतून गळणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत असें समजणें भोळेपणाचें होईल. मनांतून जिला अगोदरच वगळली, तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेणें कोणास जड जाणार? दत्तकांचेंही तेंच. दत्तकास औरस म्हणून छापल्यानें घराण्याचा मान वाढत नाहीं. ज्या आईनें आपलें मूल ओंजळींतून दुसऱ्यास दिलें, तिचें नांव मात्र कायमचें पुसलें जातें.

ह्याहूनही मोठा अन्याय घराच्या अंगणाबाहेर होत आहे. ह्याच कर्जत-खालापुरांत कातकरी व ठाकर राहतात. खैराच्या लांकडापासून कात काढणारा तो कातकरी. रानोमाळ फिरणाऱ्या त्या माणसास सनद कोण देणार? आज त्याच्या मुलास अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल, तर ६ सप्टेंबर १९५० रोजीं आपला पूर्वज ह्या राज्यांत राहत होता, ह्याचा पुरावा त्याच्याकडे मागतात. ज्याचें घर दुसऱ्याच्या जमिनींत आणि ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाहीं, त्यानें कोणती वही दाखवावी? ठाकरांचा पेंच निराळा : अनुसूचीत 'ठाकूर'ही आहे, 'ठाकर'ही आहे, आणि ठाकूर हें आडनांव वरिष्ठ समाजांतही आहे, म्हणून कारकुनाच्या एका काना-मात्रेवर नातवाचें भवितव्य लोंबकळत राहतें. आमच्या वाळवीनें खाल्लेल्या सनदेवर समाज डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि त्याच्या तोंडच्या सात पिढ्यांवर ठेवीत नाहीं. हा न्याय कोणता? ज्यांच्या घरीं कागद आहेत त्यांनीं ते प्रामाणिकपणें उघडले, तर त्यांत ह्या लोकांचींही नांवें निघतील : गड्यांच्या यादींत, पाहणीपत्रकांत, खंडाच्या पावतींत. तो कागद आपणांस क्षुल्लक. त्या घरास तीच सनद.

मोठेपणासाठीं सनद लागत नाहीं, हेंही ह्याच भूमीनें शिकविलें आहे. माथेरानांत १९१२ सालीं जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण, म्हणजेच भाई कोतवाल, वकील झाले, शेतकऱ्यांसाठीं झटले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर गोळीस बळी पडले. त्यांचा मूळपुरुष कोण होता, हें विचारण्याची गरज आजवर कोणास पडली नाहीं.

तेव्हां पुढील कुलसंमेलनांत मिष्टान्नाचा एक बेत कमी करावा आणि त्या पैशांत घरांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस मोडी शिकवावी. ग्रंथाच्या प्रत्येक विधानापुढें आधार द्यावा. जेथें आधार नाहीं तेथें 'ऐकीव' असें लिहावें. कागद भांडत असतील तर दोन्ही छापावे. मुलींचीं व सुनांचीं पूर्ण नांवें त्यांच्या माहेरांसह द्यावीं. आणि आपल्या दप्तरांत ज्या गडीमाणसांचीं, कुळांचीं, वाडीवरच्या लोकांचीं नांवें सांपडतील, त्यांची एक यादी ग्रंथाच्या शेवटीं अवश्य जोडावी. अशा ग्रंथांत पराक्रम कदाचित् थोडा निघेल. पण जेवढा निघेल तेवढा कोणाही परक्यानें तपासून पाहावा असा असेल. आणि तो तपासतांना आपणांस मान खालीं घालावी लागणार नाहीं.